एका दिवसाचे सोयरे

पुणे शहराच्या आतिथ्याविषयी महाराष्ट्रात जेवढे विनोद प्रचलित आहेत, तेवढे बहुधा अन्य कोणत्याही नगरीच्या वाट्यास आले नसतील. दुपारी एक ते चार बंद राहणारी दुकाने, दारावरची घंटा एकदाच वाजविण्याची ताकीद देणाऱ्या पाट्या, आगंतुकास उंबरठ्याबाहेर उभे करून विचारला जाणारा ‘आपले काय काम आहे?’ हा प्रश्न, यांवर आजवर इतके लिहिले गेले आहे की, पुणेकरही आता ते विनोद स्वतःच सांगू लागले आहेत. त्यांतील अतिशयोक्ती सोडून दिली, तरी कोणत्याही मोठ्या शहराचा एक स्वभाव त्यांत दिसतो हे खरे. शहरात माणसे एकमेकांच्या अगदी निकट राहतात आणि म्हणूनच एकमेकांकडे न पाहण्याची कला त्यांना आत्मसात करावी लागते. रोज ज्याच्या शेजारी बसमध्ये उभे राहायचे, त्याचे नाव विचारायचे नाही. एकाच जिन्याने वर्षानुवर्षे चढउतार करायची, पण थांबून बोलायचे नाही, हा नागर जीवनाचा अलिखित नियमच होऊन बसला आहे.

ज्येष्ठ वद्यातील दोन रात्री मात्र अशा येतात की, या शहराला हा नियम विसरावा लागतो. आळंदीहून श्रीज्ञानदेवांच्या आणि देहूहून श्रीतुकोबारायांच्या पादुका पालखीत बसून पंढरीच्या वाटेला लागतात आणि दोन्ही पालख्या एकाच दिवशी पुण्यात येतात. त्यांच्याबरोबर येतात लक्षावधी पाहुणे. त्यांना कोणी नावानिशी निमंत्रण दिलेले नसते. ते कोणाचे नातलग नसतात, कोणाच्या ओळखीचे नसतात. तरीही त्या दोन दिवसांत पेठापेठांतून असा काही जिव्हाळा वाहू लागतो की, परका कोण आणि घरचा कोण हे सांगणे कठीण व्हावे.

आज आषाढी एकादशी. आज चंद्रभागेच्या वाळवंटात उभी असलेली बहुसंख्य पावले सुमारे अडीच आठवड्यांपूर्वी पुण्याच्या डांबरी रस्त्यांवरून गेली आहेत. आजच्या दिवशी पंढरीचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. आपण मात्र वाटेवरच्या एका मुक्कामाचे आणि त्या मुक्कामात भेटलेल्या काही अनोळखी सोयऱ्यांचे स्मरण करू.

दोन वाटा, एक मुक्काम

पंढरीची वारी फार जुनी. श्रीज्ञानदेवांच्या आधीपासून ती चालत आल्याचे अभ्यासक सांगतात. परंतु पादुका पालखीत ठेवून समारंभाने पंढरीस नेण्याची प्रथा तुकोबारायांचे कनिष्ठ चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये सुरू केली. पुढे बराच काळ ज्ञानोबा आणि तुकोबा यांच्या पादुका एकत्रच जात असत. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. ते साल १८३२ च्या सुमाराचे मानले जाते. हैबतबाबा मूळचे सातारा भागातील आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले. लष्करी शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. दिंड्यांचा क्रम, रथापुढील आणि रथामागील जागा, चोपदाराच्या एका इशाऱ्यासरशी शांत होणारा जनसमुदाय, ही सारी घडी त्यांची. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे दोन अश्व, त्यांपैकी एकावर स्वार आणि दुसऱ्याची पाठ माउलींसाठी रिकामी, हाही त्याच घडीचा भाग. एवढा मोठा सोहळा उभा करणाऱ्या या पुरुषाने आपल्यासाठी मागितली ती आळंदीच्या महाद्वारातील पहिल्या पायरीची जागा. आजही प्रत्येक वारकरी त्या पायरीवर माथा टेकवूनच पुढे जातो.

तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि माउलींची अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवते. पुण्यात तुकोबांचा मुक्काम नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात, तर माउलींचा भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात. मध्ये एक पूर्ण दिवस विश्रांतीचा. तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही पालख्या हडपसरच्या दिशेने निघतात. तेथून वाटा फुटतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा सोलापूरच्या रस्त्याने लोणी काळभोरला. घाटाचा हा दिवस बहुतेक वर्षी एकादशीचा असतो. म्हणजे तीसेक किलोमीटरची चाल, मध्ये उभा घाट आणि पोटात उपवासाचे चार घास. त्या चालीपूर्वीचा विसावा म्हणजे पुण्याचा हा दिवस.

या विश्रांतीच्या दिवशीच पुण्याच्या पेठांतून हिंडावे. आदल्या संध्याकाळी पालखीच्या दर्शनासाठी जी गर्दी लोटते, तीत माणूस माणसाला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दिसतो. धोतरे वाळत घातलेली असतात, टाळ खुंटीला लागलेले असतात, कोणी ओसरीवर पाय पसरून बसलेले असते. यंदाही त्या दिवशी सकाळीच बाहेर पडलो. कोणाला भेटायचे ठरविले नव्हते, आणि म्हणूनच की काय, दिवसभर माणसे भेटतच राहिली.

‘मोजलं की धंदा होतो’

नाना पेठेत एका बंद दुकानाच्या फळीशेजारी लाकडी खुर्ची टाकून एक केशकर्तनकार उभा होता. खुर्चीसमोर भिंतीला टेकवून ठेवलेला आरसा, पाण्याचे भांडे, नव्या पात्यांचे पाकीट आणि समोर पंचवीस-तीस वारकऱ्यांची रांग. उपनगरात त्याचे स्वतःचे दुकान आहे. पालखीच्या दोन दिवसांत तो ते बंद ठेवतो आणि पेठेत येऊन दाढी-कटिंग करतो. पैसे घेत नाही. सकाळपासून किती झाले, असे विचारले तेव्हा हात न थांबविता तो म्हणाला, “मोजलं की धंदा होतो, साहेब. म्हणून मोजत नाही.”

खुर्चीत बसलेल्या वृद्ध वारकऱ्याने अर्ध्या दाढीवर मान वळवून त्याला विचारले, “गेल्या साली बी तुमीच होता का, माउली?”

“असेन की, माउली,” तो म्हणाला.

दोघांनाही खात्री नव्हती आणि दोघांनाही खात्रीची गरज नव्हती. एरव्ही ‘कोण आपण?’ यापाशी अडणारा व्यवहार येथे ‘असेन की’ एवढ्यावर सुरळीत चालला होता.

तेथून शंभर पावलांवर चर्मकाराची बैठक होती. पुढ्यात तुटक्या वहाणांचा ढीग. अंगठा उपटलेल्या चपला, टाच झिजून गेलेले बूट, टायरच्या रबराच्या जाड वहाणा. आरी खाली-वर होत होती. एका शेतकऱ्याने दुरुस्त झालेली चप्पल पायात घालून पाहिली, दोनदा पाय आपटून खात्री केली आणि कनवटीला हात घातला. कारागिराने मान हलविली. “पैसे कशाला? घाट चढा म्हणजे पावलं,” तो म्हणाला.

आपण स्वतः कधी पंढरीला गेलात काय, असे मी त्याला विचारले. आषाढ म्हणजे पावसाळ्याचे तोंड. चपला तुटण्याचे, म्हणजे त्याच्या कमाईचे दिवस. ते सोडून तीन आठवडे जाणे त्याला कधी जमले नव्हते. परंतु त्याबद्दल खंत नव्हती. ढिगातली पुढची वहाण उचलून तो म्हणाला, “मी नाही गेलो, पण माझे टाके जातात की.”

भक्तीची चर्चा करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु सेवा कशाला म्हणावे, याचे इतके नेमके उत्तर त्या दिवशी एका फुटपाथवर मिळाले.

गंगाखेडच्या आजी

पेठांतील महापालिकेच्या शाळा या दिवसांत दिंड्यांना उतरण्यासाठी दिल्या जातात. अशाच एका शाळेच्या व्हरांड्यात विजेच्या बटणांची लांब फळी बसविली होती आणि तिला पाच-पन्नास मोबाइल संच चार्जिंगसाठी लावलेले होते. प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी. फळीशेजारी एक आजी बसल्या होत्या. नऊवारी लुगडे, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर तुळशीवृंदावन. माझ्याकडे पाहून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला आणि म्हणाल्या, “दादा, एवढा नंबर लावून द्या बरं. मला आकडे दिसत न्हाईत.”

त्या गंगाखेडकडच्या, म्हणजे संत जनाबाईच्या गावच्या परिसरातील. नंबर लावून दिला. पलीकडे मुलगा होता. कुशल विचारण्यापूर्वीच त्यांचा पहिला प्रश्न गेला, “पाऊस पडला का रे?”

पडला होता, पण पेरणीजोगा नव्हता. जमिनीला वाफसा आलेला नव्हता. बियाणे दुकानातून उधारीवर उचलून आणलेले होते आणि शेजाऱ्याने धूळपेरणी केली म्हणून मुलगाही उतावीळ झाला होता. आजींनी त्याला निक्षून सांगितले, “घाई करू नगंस. अजून आठ दिस थांब.” दुबार पेरणीचा खर्च म्हणजे काय, हे त्या माउलीस ठाऊक होते. फोन ठेवल्यावर त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोरगं ऐकल असं वाटत न्हाई. इठ्ठलाला सांगते आता.”

वारीला निघालेल्या माणसाने संसार मागे टाकलेला असतो, असे आपण शहरात बसून समजतो. तो समज काही खरा नव्हे. वारकरी आपला संसार, आपले शेत, आपली उधारी बरोबर घेऊनच चाललेला असतो. ओझे तेच असते; फक्त ते चालता चालता वाहिले जाते आणि शेजारी चालणारे चार जण ते ऐकून घेतात.

मी निघालो तेव्हा आजींनी हात धरून थांबविले. “तुमचं समदं बरं हाय न्हवं?” त्यांनी विचारले. हा प्रश्न आपण रोज दहा वेळा ऐकतो आणि उत्तराची वाट न पाहताच पुढे जातो. आजी उत्तराची वाट पाहत होत्या. घरातील एका दीर्घ आजारपणाविषयी मी त्यांना सांगितले. निकटच्या शेजाऱ्यांशीही जे कधी बोललो नव्हतो, ते अशा एका स्त्रीस सांगितले की जिचे नाव मला ठाऊक नाही आणि जिची पुन्हा भेट होण्याचा संभव नाही. त्यांनी वृंदावनातील तुळशीचे एक पान खुडून हातावर ठेवले. उपदेश केला नाही. “नाव घेईन त्याचं पांडुरंगापुढं,” एवढेच म्हणाल्या.

पंगतीतला पाहुणा

दुपारी एका गल्लीत पंगत बसली होती. पिठले-भाकरी, भात, कांदा आणि गुळाचा खडा. दिंडीत सामील होणारा प्रत्येक जण गावाकडे भिशी भरून येतो आणि त्या पैशांतून वाटेवरचे जेवण चालते. पुण्यात मात्र पहिल्या दिवसापासूनच कोणी ना कोणी अन्नदान करतो. त्या दिवशी एका व्यापारी कुटुंबाने जेवण दिले होते आणि त्या घरातील मंडळी स्वतः वाढत होती.

गल्लीच्या तोंडाशी रस्ता बंद केल्यामुळे एक तरुण दुचाकीसह अडकून पडला होता. पाठीवर घरोघर जेवण पोहोचविण्याची चौकोनी पेटी. मराठी त्याला नीट कळत नव्हते. उत्तर प्रदेशातून सहा महिन्यांपूर्वी आलेला. पोहोचविण्याची वेळ टळून गेल्याने तो कासावीस झाला होता. पंगतीतील एका वारकऱ्याने सरकून जागा केली आणि हाक दिली, “या माउली, बसा.” तो बसला नाही. दुसऱ्यांदा हाक आली. तिसऱ्यांदा वाढपी बाई स्वतःच पत्रावळ घेऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्यांचे जेवण पाठीवर घेऊन दिवसभर हिंडणारा तो मुलगा अखेर खाली बसला आणि जेवला.

हात धुताना त्याने मला विचारले की, हे लोक मला ‘माउली’ का म्हणतात; या शब्दाचा अर्थ काय? मी सांगितले, “आई.” तो चकित झाला. पुरुषालाही आई म्हणतात काय, असे त्याने विचारले. येथे सर्वांनाच म्हणतात, असे सांगितल्यावर तो थोडा वेळ विचार करीत राहिला आणि मग पेटी पाठीवर टाकून हसत निघून गेला.

शब्दांची ही किमया विचार करण्याजोगी आहे. शहरात परक्याला हाक मारायची झाली तर आपल्यापाशी शब्द नसतो. ‘अहो’, ‘शुक् शुक्’, ‘साहेब’ यांतून काम निघते, पण नाते निघत नाही. वारीत एकच शब्द आहे आणि तो सर्वांना पुरतो. लहानाला, थोराला, स्त्रीला, पुरुषाला, पोलिसाला आणि भिकाऱ्यालाही. ज्ञानदेवांना महाराष्ट्राने माउली म्हटले. त्यांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांनी तो शब्द स्वतःपाशी राखून न ठेवता वाटेवर भेटेल त्याला देऊन टाकला.

वाड्याचे दार

तिसऱ्या प्रहरी रविवार पेठेतील एका जुन्या वाड्यात जाण्याचा योग आला. दिंडी दरवाजा उघडा होता आणि चौकात पन्नास-साठ माणसे विसावली होती. वाड्याचे वयोवृद्ध मालक ओसरीवर बसले होते. मी दारात रेंगाळलेला पाहून त्यांनीच हाक मारली, “या, बसा. आज येथे कोणाला काम विचारत नाहीत.”

त्यांच्या आजोबांच्या काळापासून या वाड्यात लातूरकडची एकच दिंडी उतरते. चौथी पिढी चालू आहे. मालकांच्या आजोबांनी त्यांच्या विणेकऱ्याला पहिल्या वर्षी पाणी विचारले होते, एवढेच निमित्त. पुढे जागा ठरून गेली. कागद नाही, करार नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरीस गेल्या. त्या वर्षी ठरल्या तिथीला दिंडीप्रमुखांचा फोन आला होता. “आम्ही आलो असं समजा,” ते म्हणाले होते. मालकांनी त्या दिवशी रिकाम्या चौकात सडा-रांगोळी घातली होती.

यंदा मात्र ओसरीवरच्या बोलण्यात चिंतेचा स्वर होता. वाडा जीर्ण झाला आहे. पावसाळ्यात दक्षिणेकडची भिंत फुगते. भाडेकरू आणि मालक यांनी मिळून तो पाडून इमारत बांधण्याचे ठरविले असून पुढील वर्षी काम सुरू व्हावयाचे आहे. मालकांनी बिल्डरला एकच अट घातली होती की, तळमजल्यावरील वाहनांची जागा ज्येष्ठ वद्यात दोन दिवस दिंडीसाठी मोकळी ठेवावी. बिल्डर तयार झाला. परंतु नव्याने सदनिका घेणाऱ्या काही जणांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणेही अगदीच अवाजवी नव्हते. दोन दिवस गाड्या कोठे लावावयाच्या? साठ माणसांच्या स्नानाची, शौचाची व्यवस्था कोणी पाहावयाची? रात्री काही गैर घडले तर जबाबदारी कोणाची? निर्णय अजून झालेला नाही.

हा प्रश्न एका वाड्यापुरता नव्हे. पेठांतील वाडे एकामागून एक जात आहेत. त्यांच्याबरोबर चौक जातात, ओसऱ्या जातात आणि रात्री परक्याने पथारी पसरावी अशी जागाच घराला उरत नाही. अशा दिंड्या मग शाळांकडे, कार्यालयांकडे, राहुट्यांकडे वळतात. तेथे त्यांची सोय होते. कित्येकदा वाड्यापेक्षा अधिक चांगली होते. परंतु सोय होणे वेगळे आणि घरी उतरणे वेगळे. शाळेत वारकऱ्यास छप्पर मिळते. घरात त्याला ‘सून कशी आहे?’ असे विचारता येते.

दिंडीप्रमुख जवळच बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, “तात्या, जागेचं मनावर घेऊ नका. जागा मिळाली तर उतरू. नाही मिळाली तर रस्त्यावर उतरू. पण तुमच्या घरचं पाणी पिल्याबिगर दिंडी पुढं जाणार नाही.”

वृद्ध मालकांनी काही उत्तर दिले नाही. त्यांची महाविद्यालयात शिकणारी नात मात्र आतून चहाचे पेले घेऊन आली आणि म्हणाली, “हरकत घेतलेल्या सगळ्यांना मी उद्या पहाटे बोलावलंय. दिंडी निघताना त्यांनी एकदा नुसतं पाहावं, मग ठरवावं.” कोण येईल, कोण नाही, हे तिलाही ठाऊक नव्हते. परंतु भांडण कायद्याच्या भाषेत न करता निमंत्रणाच्या भाषेत करावे, हे तिला सुचले होते. परंपरा टिकते ती बहुधा अशाच एखाद्या युक्तीने टिकते.

पायावर डोके

या साऱ्या जिव्हाळ्याच्या वर्णनात एक गोष्ट विसरता कामा नये. समता ही वारीत आपोआप आलेली नाही. इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी तो अनुभव लिहून ठेवला. एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, हे पाहून त्यांना झालेल्या वेदना त्या लेखात नमूद आहेत. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाच्या मंदिराचे दार सर्वांना उघडावे यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. एकमेकांच्या पाया पडण्याची सुंदर चाल ज्या संप्रदायाने घातली, त्या संप्रदायाच्या देवाचे दार उघडण्यास इतका विलंब लागला, हे ध्यानात ठेवूनच आजच्या स्नेहाचे मोल करावयास हवे.

हे सारे आठवण्याचे कारण त्याच रात्री घडले. पेठेतील रस्त्यावर पत्रावळी, केळीच्या साली आणि कागदी पेले यांचा खच पडला होता आणि महापालिकेच्या सफाई कामगार स्त्रिया तो गोळा करीत होत्या. त्यांतील एका प्रौढ बाईंशी बोलणे निघाले. कामाचा ताण दुप्पट होतो काय, असे विचारले. “होतो की,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी सांगितले की, थोड्याच वेळापूर्वी एक म्हातारे वारकरी जवळ आले. पाणी हवे असेल असे त्यांना वाटले. पण त्यांनी वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले. हातात झाडू, पाय कचऱ्यात. त्या मागे सरल्या तर ते म्हणाले, “सरू नका, माउली. रस्ता तुमीच केला.”

“तीस वर्षं झाली मला झाडू मारायला,” बाई म्हणाल्या. “पाया पडणारा हाच.”

त्यांच्या स्वरात आनंद होता आणि त्याच्या तळाशी थोडा रागही होता. तो राग रास्त होता. तीस वर्षांत, वर्षाचे तीनशे त्रेसष्ट दिवस, त्या ज्यांच्या दारासमोरचा रस्ता झाडीत आल्या, त्यांच्यापैकी कोणाला त्यांचे नाव ठाऊक असेल?

उरलेले दिवस

तिसऱ्या दिवशी पहाटे पालख्या हलल्या. दुपारपर्यंत रस्ते धुतले गेले, दुकानांच्या फळ्या उघडल्या आणि संध्याकाळी तेच शहर पुन्हा तसेच धावू लागले. दोन दिवसांचा हा उमाळा खरा मानावा की केवळ सणाची हौस, असा प्रश्न चिकित्सक मनास पडणे स्वाभाविक आहे. जो निघून जाणार आहे त्याच्याशी प्रेमाने वागणे सोपे असते, हेही खरेच. पाहुणा दोन दिवसांचा असतो म्हणून तो गोड असतो. शेजारी जन्माचा असतो.

तथापि या आक्षेपाचे उत्तर वारीतच आहे. वारकरी एक दिवस चालून थांबत नाही. आज केलेली वाटचाल उद्या पुन्हा करावयाची असते आणि यंदा केलेली वारी पुढील वर्षीही. संप्रदायात वारी चुकू न देण्यास जे महत्त्व आहे, त्याचा अर्थ हाच की, भाव हा एकदा दाटून येण्याने सिद्ध होत नाही, तो पुनःपुन्हा आचरण्याने सिद्ध होतो. त्या केशकर्तनकाराची खुर्ची, त्या कारागिराची आरी, त्या वाड्याचा चौक यांचे मोल त्यांच्या वर्षानुवर्षांच्या सातत्यात आहे. दोन दिवसांची सवय शहराला लागू शकते, तर तिसऱ्या दिवसाची का लागू नये?

आज एकादशीच्या दिवशी आपल्यापैकी पुष्कळ जण पंढरीस जाऊ शकलेले नाहीत. ते घरीच उपवास करतील, संध्याकाळी गावातल्या विठ्ठलमंदिरात दर्शनाच्या रांगेत उभे राहतील. त्या रांगेत पुढे कोणी अनोळखी मनुष्य उभा असेलच. त्याला हाक मारण्यासाठी शब्द शोधत बसण्याचे कारण नाही. शब्द कधीचा तयार आहे, आणि तो कोणालाही चालतो. ‘सारे बरे आहे ना?’ असे विचारून उत्तरासाठी क्षणभर थांबावे. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याला विचारावे, दारासमोरचा रस्ता झाडणाऱ्या बाईंना त्यांचे नाव विचारावे. पंढरीची वाट लांब आहे खरी; परंतु तिचे पहिले पाऊल आपल्याच उंबरठ्याबाहेर पडते.